एकोणचाळीस यार्ड

१

पोलादी फितीचं एक टोक बॉयड स्ट्रूपच्या बुटाखाली होतं आणि दुसरं व्हर्लिन टॅकेटच्या हातात. मधलं अंतर चाळीस यार्ड असायला हवं होतं. ते एकोणचाळीस भरलं.

"परत मोज," व्हर्लिन म्हणाला.

"दोनदा मोजलंय, टॅकेटसाहेब. तिसऱ्यांदा मोजल्यावर जमीन वाढणार आहे का?" स्ट्रूपने पाय उचलला. फीत सळसळत परत डबीत गेली. "एक यार्ड कमी. पूर्ण एक यार्ड. म्हणजे सकाळपासून आपण जे जे टिपलं ते सगळं कचऱ्यात."

पर्ल बेंड कॉलेजच्या सरावाच्या हॉलमध्ये आज पोरांची चाचणी होती. अमेरिकन फुटबॉलच्या अकरा क्लबांचे अकरा निरीक्षक, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून, एकमेकांची तोंडं बघत उभे होते. वर गॅलरीत चर्चच्या बायका बसल्या होत्या. त्यांना खाली काय चाललंय ते कळत नव्हतं, त्यामुळे त्या अजून हसतखिदळत होत्या. त्यांच्या मधोमध मिस ऑर्लीन पेटिस, डोक्याला जांभळी टोपी, हातात रुमाल. तिचा मुलगा लाव्हेल सकाळी चार तेहतीसमध्ये पळाला होता. चाळीस यार्ड, चार सेकंद आणि वर तेहतीस शतांश. मिसिसिपीच्या या कोपऱ्यात गेल्या नऊ वर्षांत असा आकडा कुणाच्या घड्याळाने पाहिला नव्हता.

आणि मोजायला सांगितलं कुणी? खुद्द लाव्हेलनेच! बाहेरच्या मैदानावरची चेंडूची कसरत आटोपून सगळे हॉलमध्ये परतले, तेव्हा पोरगा टॉवेलने मान पुसत आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, मी आयुष्यात कधी चार तेहतीस पळालेलो नाही. एकदा लेन मोजून घ्या ना." व्हर्लिनचा ऊर तेव्हा भरून आला होता. हल्ली एवढं सरळ पोर बघायला तरी मिळतं का!

"पोराला परत पळवू या," व्हर्लिन म्हणाला. "रेघ नीट लावू आणि पळवू. दहा मिनिटांचं काम."

"मांडी धरलीय, मिस्टर टॅकेट," लाव्हेल खाली बघत म्हणाला. "बाहेर कसरतीतच धरली. पळता नाही येणार."

स्ट्रूपने खांदे उडवले. "चार वाजता सगळ्या क्लबांची सामाईक यादी वर जाते. लेन आखूड, वेळ रद्द, असं मी लिहिणार. आखूड लेनवरचा आकडा म्हणजे आकडाच नव्हे. सॉरी, पोरा."

सव्वादोन वाजले होते. व्हर्लिनने लाव्हेलकडे पाहिलं. एप्रिलमध्ये बत्तीस क्लब आळीपाळीने पोरं निवडणार, त्यात या पोराचं नाव यावं म्हणून त्याने दोन हंगाम या खेड्याला खेटे घातले होते. आता पोराच्या हातात पावणेदोन तास होते. व्हर्लिनच्याही हातात तेवढेच होते, कारण त्याचं स्वतःचं काँट्रॅक्ट एप्रिलअखेर संपत होतं आणि ते पुढे चालू ठेवायला त्याच्या क्लबाच्या लँगलीसाहेबांना एकही कारण दिसत नव्हतं.

"चार वाजेपर्यंत काही लिहू नकोस," तो स्ट्रूपला म्हणाला. "हे कुणी केलं ते मी काढतो."

"कुणी केलं म्हणजे? ज्याने रेघ लावली त्याने!" स्ट्रूप हसला आणि त्याने बोट दाखवलं.

बोटाच्या टोकाशी हॉलिस गँडी उभा होता. व्हर्लिनचा तीस वर्षांचा दोस्त.

२

हॉलिस इथे पोरांची शरीरं घडवायचा. वजनं, दोऱ्या, उड्या, सगळं त्याच्याकडे. त्याच्या केबिनमध्ये भाजलेल्या शेंगांचा वास होता आणि हॉलिसच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तू मला विचारतोयस?" तो म्हणाला. "तू? मला?"

"मीच विचारायला हवं. कारण सकाळी मी मोजलं नाही."

ती गोष्ट व्हर्लिनला आतून खात होती. सव्वीस वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता. कुठल्याही कॉलेजात गेला की पहिलं काम, गुडघ्यावर बसून लेन मोजायची. मग पाऊस असो, ताप असो. आज गुडघा ठणकत होता, आणि हॉलिस म्हणाला होता, अरे, मोजलीय मी, चल कॉफी घे. आणि तो गेला होता. बाकीचे दहाजण धरून चालले की टॅकेट आलाय म्हणजे त्याने मोजली असणारच. त्या खुळ्या सवयीवर अकरा क्लब विसंबून राहिले.

"मी सकाळी सातला मोजली," हॉलिस म्हणाला. "स्वतः. चाळीस म्हणजे चाळीस. मी कशाला कमी करू?"

"पोरं वेगवान दिसावीत म्हणून. क्विंटच्या वेळी तुझं नाव पेपरात आलं होतं."

हॉलिस ताडकन उठला. "क्विंटचं नाव काढू नकोस! तू तर मुळीच काढू नकोस!"

व्हर्लिनला बोलायला तोंड होतं कुठे? क्विंट बोटराइट याच लेनवर चार अठ्ठावीस पळाला होता, नऊ वर्षांपूर्वी. त्याला शोधला व्हर्लिनने, दुसऱ्या फेरीत घ्यायला लावला व्हर्लिनने. पोरगं अकरा सामने टिकलं. सरळ पळायला सांगा, वारा मागे पडायचा. पण समोरचा गडी आता कुठे वळणार हे त्याला कधी कळलंच नाही. आता तो हायवेवरच्या दुकानात टायर बदलतो. गिऱ्हाईक गाडीत बसल्या बसल्या शेजारच्याला कोपर मारतं, "तोच तो." त्याला ते ऐकू येतं.

क्विंट बाद झाला तेव्हापासून व्हर्लिनने एक वही केली होती. डावीकडे पोराची चाळीस यार्डांची वेळ, उजवीकडे तो किती सामने टिकला. सव्वाचारशे नावं. डाव्या बाजूचा उजव्या बाजूशी काडीचा संबंध नव्हता. वही साहेबांना दाखवली, तेव्हा साहेब म्हणाले, छान अक्षर आहे तुझं, टॅकेट. साहेबांच्या संगणकात एक रेघ होती: कॉर्नरला उभं राहणारा, म्हणजे समोरच्या पळणाऱ्या गड्याला सावलीसारखा चिकटणारा पोरगा चार पन्नासपेक्षा हळू असला की त्याचं नाव आपोआप पुसलं जायचं. लाव्हेल पहिल्या खेपेला चार एक्कावन्न पळाला होता. दुसऱ्या खेपेचं चार तेहतीस गेलं, तर तो गेलाच म्हणून समजा.

"हे बघ," हॉलिस जरा शांत होत म्हणाला, "मी जर आखूड केली असती, तर सगळीच पोरं वेगात दिसली असती ना? तो जाड्या पॉट्स बघ. उन्हाळ्यात पाच चाळीस, आज पाच एकेचाळीस. ओटिस ब्रूम, तेव्हा चार एकाहत्तर, आज चार एकाहत्तर. काय झालं, त्यांच्या पायाला एक यार्ड कमी लागला नाही?"

व्हर्लिनने वही उघडली, आकडे पाहिले आणि तो उठून उभा राहिला. गुडघा कळवळला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"हॉलिस, लेन पळताना आखूड नव्हतीच," तो म्हणाला.

३

तरी ते नुसतं बोलणं झालं. स्ट्रूपसारख्या माणसाला असल्या बोलण्याने काय होणार? उन्हाळ्यातली लेनही आखूड असेल, असं तो म्हणाला असता. डोळ्याला दिसेल असं काहीतरी हवं होतं.

व्हर्लिन सुरुवातीच्या रेघेपाशी जाऊन चक्क पालथा पडला. वरून एक बाई म्हणाली, "अगं बाई, त्या म्हाताऱ्याला काय झालं?"

ही भिंतीकडेची पट्टी होती. कृत्रिम गवत, त्यात काळे रबराचे दाणे भरलेले, आणि त्यावर एकही रंगवलेली रेघ नाही. सुरुवात आणि शेवट दाखवायला फक्त पांढऱ्या चिकटपट्ट्या. पळणारा पोरगा वाकतो, बोटं रेघेवर टेकवतो, पुढचा पाय रेघेच्या वीतभर मागे रोवतो आणि तिथून उसळतो. सात पोरं, दोन-दोन खेपा, चौदा उसळ्या. त्यात दोघे तर तीनशे पौंडांचे! जिथे पाय रोवले तिथले दाणे उडून मागे ढीग व्हायला हवा, गवत उघडं पडायला हवं.

रेघेच्या वीतभर मागे दाणे जसेच्या तसे होते. गवत सपाट.

तो कोपरांवर सरकत मागे गेला. चार फूट मागे गवताला खळगा पडला होता. त्याच्या मागे दीड फुटावर दुसरा. त्यामागे काळ्या दाण्यांचा हा एवढा ढीग.

"स्ट्रूप!" व्हर्लिन ओरडला. "इकडे ये! आणि तो फोन आण तुझा, फोटो काढायला!"

स्ट्रूप आला. आधी हसत, मग बसत, मग गुडघ्यावर. बॉयडच्या तोंडाचा पट्टा कितीही सैल असला, तरी डोळे चांगले होते आणि हिशेबाला तो खोटा नव्हता. त्याने बोटाने खळगा चाचपला.

"रेघेच्या चार फूट मागून कोण पळायला सुरुवात करतो?" व्हर्लिन म्हणाला. "कुणीच नाही. सकाळी रेघ इथे होती, एक यार्ड मागे. आपण सगळे बाहेर गेलो, तेव्हा कुणीतरी ती उचलली आणि पुढे लावली. चार तेहतीस खरं आहे."

"खरं आहे," स्ट्रूप हळूच म्हणाला. मग त्याने मान वर केली. "पण कमाल आहे. लोक पोर वेगवान दाखवायला लेन कमी करतात. इथे खऱ्या आकड्याला कुणीतरी खोटं ठरवलं! एवढा दावा कोण धरेल या पोरावर?"

"तू. निवडीत तुमच्या क्लबाचा नंबर विसावा. तोपर्यंत पोरगा खाली घसरावा म्हणून."

"अहो, मी पूर्ण वेळ बाहेर शूटिंग करत होतो. बघा हवं तर, माझा आवाज आहे त्यात. अखंड बडबड." आणि ते खरं होतं. स्ट्रूप गप्प बसला असता तर सगळ्यांच्या लक्षात आलं असतं.

फोटो अकरा क्लबांना गेला. यादीत लाव्हेल पेटिस, चार तेहतीस, वैध, असं पडलं. व्हर्लिनने साहेबांना फोन लावला, आणि लँगलीसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली. "व्हर्लिन! शाब्बास! दुसऱ्या फेरीत घेतो त्याला. आणि आपण तुझंही बघू."

गॅलरीत बातमी पोचली. मिस ऑर्लीन उठून उभी राहिली आणि तिने रुमाल डोळ्यांना लावला. बायका गायलाच लागल्या. व्हर्लिनने खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याला राग आला होता. एवढ्या सज्जन पोराच्या ताटात माती कालवणारा तो कोण, हे त्याला कळायला हवं होतं. तो परत रेघेपाशी वाकला, आणि यावेळी त्याने चिकटपट्टीचं टोक पाहिलं.

४

हॉलिसने लावलेली शेवटाकडची रेघ तशीच होती. तिची टोकं हाताने फाडलेली, सपाट चिकटवलेली. सुरुवातीच्या रेघेची टोकं मात्र आत दुमडली होती, नखभर. सोलायला सोपं जावं म्हणून.

"असं दुमडतं कोण?" त्याने हॉलिसला विचारलं.

"मनगटाला पट्टी बांधणारी पोरं. सामना संपला की घाम आलेल्या बोटांनी टोक सापडत नाही, म्हणून आधीच दुमडून ठेवतात. सवयच लागते, मग भिंतीवर कागद डकवला तरी दुमडतात."

"आजच्या सातांत मनगटं कोण बांधतं?"

हॉलिसने कपाळ खाजवलं. "ओटिस. आणि लाव्हेल."

ओटिस ब्रूम! व्हर्लिनला वाटलं, सापडला. ओटिस मागे मधोमध उभा राहायचा, साऱ्या बचावावर नजर ठेवायचा. चार वर्षं लाव्हेलच्या खोलीत राहिलेला. आज चार एकाहत्तर पळाला आणि त्याचं नाव अकरा वह्यांतून एका दमात खोडलं गेलं. व्हर्लिनने स्वतःही खोडलं होतं. आपण खोडले गेलो आणि सोबती आभाळाला टेकला, हे कुणाच्याही नाकाला झोंबलं असतं.

ओटिस मागच्या पायऱ्यांवर बसून बूट पिशवीत भरत होता. चपटं नाक, शांत डोळे.

"रेघ तू हलवलीस का?"

"नाही, मिस्टर टॅकेट."

"तुला वाईट वाटलं असेल आज."

"वाटलं ना. आईला काय सांगू, तेच ठरवतोय." तो बूट भरत राहिला. "पण लाव्हेलचा आकडा मोडून माझा थोडाच सुधारणार होता?"

"मग कुणी हलवली? तुला माहीत आहे."

ओटिसने पिशवीची चेन लावली. बराच वेळ लावली. "मला काही माहीत नाही, साहेब. तुमचं काम झालं ना? आकडा परत मिळाला ना? मग आता सोडून द्या. सगळ्यांच्याच भल्याचं आहे."

"कुणाच्या भल्याचं?"

ओटिस काही बोलणार, तेवढ्यात वरून हाक आली, "ओटिस! अरे, आई बोलावतेय, फोटो काढायचाय!" आणि लाव्हेल पेटिस खाली आला. दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत.

व्हर्लिनला बघताच तो जागच्या जागी थबकला. मग, फार उशिरा, त्याने मांडीला हात लावला.

५

व्हर्लिनने वही काढली. आता विचारायला काही उरलं नव्हतं. सगळं त्याच्याच अक्षरात होतं. बाहेरच्या कसरतीत पहिला उभा राहिलेला, ब्रूम. शेवटचा आलेला, पेटिस. पुढे लिहिलं होतं: नऊ मिनिटं उशीर, बूट बदलत होता.

"ओटिस, तू जा," लाव्हेल म्हणाला.

"मी थांबतो."

"जा रे बाबा. आईला सांग आलोच."

ओटिस गेला. पोरगा पायरीवर बसला. सहा फुटांचा गडी, पण गुडघे छातीशी घेऊन बसल्यावर केवढासा दिसत होता.

"तूच लेन मोजायला लावलीस," व्हर्लिन म्हणाला. "मला वाटलं, काय प्रामाणिक पोर आहे. तुला ठाऊकच होतं काय निघणार ते."

"तुम्ही सोडून सगळे फसले होते, साहेब." लाव्हेलने हसायचा प्रयत्न केला. "तुम्ही पालथे कशाला पडलात?"

"पण का, पोरा? निवडून यायचं नव्हतं तर हळू पळायचं!"

"पळालो ना! पहिल्या खेपेला बघितलंत की. मुद्दाम मध्येच रेंगाळलो क्षणभर. चार एक्कावन्न. म्हटलं सुटलो." त्याने तळव्यांनी डोळे चोळले. "मग दुसऱ्या खेपेला वाकलो, आणि वरून आई ओरडली. सगळ्या मावश्या ओरडल्या. आणि पाय गेले. मला ते वाईट करताच येत नाही, साहेब. ती एकच गोष्ट मला येते. सरळ पळणं. सामन्यात सरळ कोण पळतं?"

"तू चार वर्षं खेळलास. मी बावीस सामने पाहिले तुझे."

"ओटिसने खेळवलं मला. प्रत्येक डावाआधी मी मागे बघायचो, तो बोटांनी खूण करायचा. आत जा, बाहेर जा, थांब, धाव. मी फक्त पळायचो. मला समोरचं काही दिसत नाही, साहेब. सगळे हलायला लागले की नुसता गोंधळ दिसतो."

व्हर्लिनने ते मागे वळून बघणं बावीस वेळा टिपलं होतं. त्याच्यापुढे त्याने लिहिलं होतं, सोबत्यांशी संवाद उत्तम. आता त्याला स्वतःच्या डोक्यात काहीतरी हाणावंसं वाटलं.

"मग आईला सांगायचंस, मला नाही खेळायचं म्हणून."

"तुम्ही आई नाही बघितलीत का? दोन शिफ्ट करते कोंबड्यांच्या कारखान्यात. बोटं वाकडी झालीत. चर्चने माझ्यासाठी बस केली आज. मी नाही म्हटलं तर मी नालायक. दुनियेने नाही म्हटलं, तर माझं नशीब फुटकं, एवढंच. आई रडली असती आणि मग मी शाळेत शिकवायला लागलो असतो. मिस्टर टॅकेट, मी क्विंटकडे टायर बदलायला जातो. त्याच्याशी कुणी नीट बोलत नाही. त्याने चोरी केलीय का? तो फक्त वेगात पळाला."

वर बायकांचं गाणं दुसऱ्या कडव्यावर गेलं होतं.

"सांगा ना त्यांना," लाव्हेल म्हणाला. त्याने व्हर्लिनची बाही धरली. "सांगा, की तुमचं चुकलं. लेन आखूडच होती म्हणा. तुमचं ऐकतील."

६

व्हर्लिन गाडीत जाऊन बसला आणि त्याने फोन लावला. चारला पाच मिनिटं कमी होती.

"साहेब, ते पेटिसचं. मला वाटतं माझं चुकलं. लेन आखूडच असावी."

"असं कसं?" लँगलीसाहेब म्हणाले. "फोटो इथे भिंतीवर लावलाय. आमची पोरं तो मोजतायत. खळगा, ढीग, सगळं बरोबर. तुझ्याएवढं डोकं इथे कुणी चालवलं नाही."

व्हर्लिनने डोळे मिटले. एकच रस्ता उरला होता, आणि त्यावरून गेलं की पोराची अब्रू जाणार होती. तरी तो गेला. "साहेब, रेघ पोराने स्वतःच हलवली. स्वतःचा आकडा बाद व्हावा म्हणून. त्याला खेळायचंच नाही. त्याला खेळ वाचता येत नाही, दुसरा एकजण त्याला मागून खुणा करायचा, तोच खरा खेळाडू. ब्रूम म्हणून. त्याला घ्या हवं तर."

"ब्रूम किती पळाला?"

"चार एकाहत्तर."

पलीकडे कुणीतरी हसलं. बहुतेक फोन स्पीकरवर होता.

"आणि पेटिस चार तेहतीस. खरं चार तेहतीस, तूच सिद्ध केलंस. व्हर्लिन, त्या पोराने रेघ काय, अख्खा हॉल हलवला तरी मला चालेल. खेळ वाचायला आम्ही शिकवू. वेग शिकवता येत नाही. हे बाहेर कुठे बोलू नकोस, दुसरा कुणी बिचकून सोडेल तर बरंच आहे, पण आपण कशाला पोराचं नाव खराब करायचं? आणि ऐक, तुझी आणखी दोन वर्षं पक्की. आता हस की जरा!"

फोन बंद झाला. गाडीच्या काचेतून चर्चची बस दिसत होती. मिस ऑर्लीनने वाकड्या बोटांच्या दोन्ही हातांत मुलाचं तोंड धरलं होतं आणि ती त्याला काहीतरी सांगत होती. लाव्हेल मान हलवत होता. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं. व्हर्लिनने नकारार्थी मान हलवली, आणि पोराने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बायकांना वाटलं, आनंदाने रडतोय.

७

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी लाव्हेल पेटिसचं नाव दुसऱ्या फेरीत पुकारलं गेलं, एकूण एक्केचाळिसावं. ओटिस ब्रूमचं नाव तीन दिवसांत कुणी घेतलं नाही. तो बाप्टिस्ट शाळेत लहान मुलांना खेळ शिकवायला लागला, असं हॉलिसने कळवलं. हॉलिस व्हर्लिनशी त्यानंतर फारसं बोलला नाही.

रविवारी दुपारी व्हर्लिन अंगणात खुर्ची टाकून बसला होता. गोड गार चहाचा ग्लास तसाच पडून होता. फोन वाजला.

"मिस्टर टॅकेट, मी लाव्हेल."

"बोल, पोरा. अभिनंदन," व्हर्लिन म्हणाला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"थँक्यू, सर. आईने घराला निळा रंग दिलाय, तुमच्या क्लबाचा." मग त्याने आवाज खाली आणला. "सर, शिबिर अकरा मेला आहे ना?"

"हो."

"तिथे पहिल्या दिवशी... म्हणजे डाव सुरू होताना... कुठे उभं राहायचं ते कुणी सांगेल का मला?"

सव्वीस वर्षं व्हर्लिनने ती शिबिरं पाहिली होती. नव्वद पोरं, त्रेपन्न जागा, आणि शेजारी उभा असलेला प्रत्येकजण तुमचीच जागा घ्यायला आलेला.

"सांगतील, पोरा," तो म्हणाला. "सगळं सांगतील."

"मग ठीक आहे," लाव्हेल म्हणाला. त्याचा विश्वास बसला होता. त्याने दोनदा आभार मानले आणि फोन ठेवला.